मोठ्या बँकेत टेक्नॉलॉजी ॲप्रेंटिसशिप: पुण्याची घ्यावी की जळगावची? करार, स्टायपेंड, कामाबद्दल विचारायचं आहे

तापीकाठ_अमळनेर

राम राम मंडळी. बी.ई. कॉम्प्युटर, २०२५ला पास. हातात दोन पत्रं आहेत. एक सरकारी बँकेच्या जळगावच्या शाखेतल्या ॲप्रेंटिसशिपचं, दुसरं एका मोठ्या बँकेच्या पुण्यातल्या टेक्नॉलॉजी सेंटरचं. तिथे टीमचं नाव ‘पेमेंट्स प्रॉडक्शन सपोर्ट’ लिहिलंय. दोन्ही १२ महिन्यांच्या, दोन्ही नॅट्सवर (सरकारच्या ॲप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर). घरचे म्हणतात जळगाव घे, रेल्वेने जाऊन-येऊन होईल, शिवाय सरकारी बँक. माझा कल पुण्याकडे आहे. पण सपोर्ट म्हणजे नुसते फोन उचलायचे का? शिकायला काय मिळतं? आणि करारात, स्टायपेंडमध्ये माणूस कुठे अडकतो?

पांझरा_धुळे

ताई, ‘सरकारी बँक’ या शब्दावर घरच्यांचा जीव असतो, म्हणून आधी तेच स्पष्ट करून सांगा. ॲप्रेंटिस कायदा १९६१चा आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे ॲप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे पीएफ कापला जात नाही. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही बँकेवर नसतं, मग ती सरकारी असो की खासगी.

शाखेत खातं उघडणं, केवायसी, कर्जाच्या फायली, काउंटरवर मदत असं काम असतं. कोअर बँकिंगचा (बँकेची सगळी खाती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्क्रीन दिसतो, पण बाहेरून. क्लार्क किंवा पीओची (प्रोबेशनरी ऑफिसरची) परीक्षा द्यायची असेल तर जळगाव उत्तम, बँकेची भाषा अंगवळणी पडेल. सॉफ्टवेअरमध्येच राहायचं असेल तर ते वर्ष त्या कामी येणार नाही.

आणि हे वर्ष पुन्हा मिळत नाही. या कायद्याखाली एकदा ॲप्रेंटिसशिप पूर्ण केली की दुसरी करता येत नाही. पदवीनंतर वर्षभर नोकरी झाली असेल तरीही अपात्र. ‘हे करून बघू, मग ते करू’ इथे चालत नाही.

पोर्टलवर बँक करार तयार करते, तुम्ही तो स्वीकारता, मग मुंबईचं बोर्ड ऑफ ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग मंजूर करतं. स्वीकारायच्या आधी प्रशिक्षणाचं ठिकाण, सुरू आणि संपण्याची तारीख, स्टायपेंडची रक्कम ऑफर पत्राशी ताडून बघा. ठिकाण वेगळं लिहिलेलं असेल तर आधी दुरुस्ती मागा. नॅट्सच्या नोंदणीसाठी विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत. कोणी मधला माणूस ‘करार मंजूर करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतोय.

केळीपट्टा_रावेर

पैशाचं मी सांगते. २०१९च्या सुधारित नियमांत पदवीधरासाठी महिन्याला किमान ९००० रुपये ठरले होते. किमान रकमेचा अर्धा वाटा नॅट्समध्ये सरकार उचलतं आणि तो थेट तुमच्या खात्यात येतो. बाकीची रक्कम बँक वेगळी टाकते. पहिल्या महिन्यात बँकेचाच वाटा दिसला की मुलं घाबरतात, कमी पैसे दिले म्हणून भांडायला जातात. करारातली एकूण रक्कम आणि दोन्ही जमा मिळून हिशोब करा.

सरकारी वाटा अडकतो तो बहुतेक वेळा आधारमुळे. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या मॅपरवर (कोणत्या आधारचे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे, त्या यादीवर) ‘सीड’ म्हणजे नोंदलेलं असणं वेगळं. एका आधारला एका वेळी एकच बँक सीड असते. महाडीबीटीची शिष्यवृत्ती ज्या खात्यात यायची, बहुधा तेच अजून सीड असेल, मग पैसा गावाकडच्या त्या जुन्या खात्यात जातो. माय-आधारच्या साईटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. खातं बंद पडलेलं असेल तर ज्या शाखेत पैसे हवेत तिथे सीडिंगचा फॉर्म भरा आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. शाखेतला ‘झालं’ हा शब्द पुरेसा नाही.

दुसरं दुखणं नावाचं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. पोर्टलवर आधारप्रमाणे नाव टाका आणि पदवीवरच्या नावात एका अक्षराचा जरी फरक असला तरी रुजू व्हायच्या आधीच बँकेच्या एचआरला मेलवर कळवा. पडताळणीत नंतर निघाला तर उगाच आठवडे जातात. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभापर्यंत हाती येत नाही, म्हणून विद्यापीठाकडून प्रोव्हिजनल आणा.

बँक आहे, त्यामुळे कर्जाची थकबाकीही बघितली जाऊ शकते. मोबाईलच्या हप्त्याचे राहिलेले दोन-अडीच हजारसुद्धा क्रेडिट रिपोर्टवर दिसतात. प्रत्येक क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतो, तो काढून बघा.

गिरणा_चाळीसगाव

पेमेंट्स सपोर्ट मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. डेव्हलपमेंटच्या टीममध्ये ॲप्रेंटिसला बटणाचा रंग बदलायला बसवतात. सपोर्टमध्ये पैसा प्रत्यक्ष कसा फिरतो ते दिसतं.

सकाळी रात्रपाळीकडून हँडओव्हर घ्यायचा आणि रात्रीचे बॅच जॉब (हजारो नोंदी एकदम हाताळणारी, आपोआप चालणारी कामं) बघायचे. जॉब मध्येच बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात: समोरून फाईल आलीच नाही, रिकामी आली, तीच दोनदा आली, फाईलच्या शेवटी लिहिलेली एकूण नोंदींची संख्या आणि आतल्या नोंदी जुळत नाहीत, डिस्क भरली, नाहीतर सर्व्हरच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली. नवीन मुलाचा हात लगेच ‘रीरन’वर जातो. तिथेच थांबा. खात्यांत पैसे टाकणारा जॉब १०,००० पैकी ६००० नोंदी टाकून पडला असेल आणि तो पहिल्यापासून चालवला, तर ६००० ग्राहकांच्या खात्यात दोनदा नोंद होते. शेवटची कमिट (पक्की) झालेली नोंद कोणती, जॉब तिथून पुढे चालतो की पहिल्यापासून, हे रनबुकमध्ये (काय बिघडलं तर काय करायचं, त्या टीमच्या वहीत) बघायचं. रनबुकमध्ये नसेल तर सीनियरला विचारायचं.

मग तक्रारी. एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून मात्र कटले. कार्डाचे मेसेज आयएसओ ८५८३ नावाच्या साच्यात फिरतात: ०२०० म्हणजे मागणी, ०२१० म्हणजे उत्तर, ०४२० म्हणजे व्यवहार उलटवण्याची सूचना. उत्तरातले कोड आठवड्यात पाठ होतात: ०० मंजूर, ५१ शिल्लक नाही, ५५ पिन चुकला, ९१ म्हणजे समोरची बँक किंवा स्विच (हे मेसेज इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा) बंद. मशीनला उत्तर वेळेत मिळालं नाही आणि ०४२० सुद्धा वाटेत हरवला की ग्राहकाचे पैसे अडकतात. ते शोधायला स्विचचा लॉग (घडलेल्या गोष्टींची नोंद), कोअर बँकिंगमधली नोंद आणि मशीनचं जर्नल (एटीएमची स्वतःची नोंद) या तिन्हींचा मेळ घालतात. याला रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि पेमेंट्समधलं निम्मं शहाणपण त्यातच आहे. इथे घड्याळ चालू असतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे अशा एटीएम व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत गेले पाहिजेत, नंतर रोज १०० रुपये भरपाई. यूपीआयने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे तिथे जमा झाले नाहीत तर मुदत दुसऱ्या दिवसापर्यंतच.

शिफ्ट असतात हे आधीच गृहीत धरा. बँकांमधून पैसे पाठवायच्या सेवांपैकी आरटीजीएस डिसेंबर २०२०पासून चोवीस तास चालू आहे आणि एनईएफटीचे दिवसाला ४८ बॅच असतात, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक. रात्रीच्या शिफ्टला घरी सोडायला गाडी आहे का, हे एचआरला आत्ताच विचारा.

आणि माहितीच्या बाबतीत हयगय नको. ग्राहकाचा डेटा असलेल्या स्क्रीनचा फोटो, व्हॉट्सॲपवर एररचा तुकडा, बाहेरच्या एआय चॅटमध्ये लॉग चिकटवणं, यातलं काहीही नाही. चुकून संशयास्पद लिंकवर क्लिक झालं तर त्याच मिनिटाला कळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. तुम्ही लपवण्यात दोन तास घालवले तर तपास करणाऱ्यांचा तेवढा वेळ गेला.

तापीकाठ_अमळनेर

खूप आभार. पुणे पक्कं करते. रुजू व्हायला महिना आहे. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) कॉलेजपुरतं येतं, लिनक्स जेमतेम. या महिन्यात नेमकं काय करू?

गिरणा_चाळीसगाव

नवीन कोर्स घेऊ नका. एसक्यूएलमध्ये दोन टेबलं बनवा, एक स्विचचं, एक लेजरचं (बँकेच्या खातेनोंदींचं). प्रत्येकात तेच १००० व्यवहार: १२ अंकी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), रक्कम, तारीख-वेळ, उत्तराचा कोड. मग लेजरमधून २० नोंदी काढून टाका, ५ दोनदा घाला, ५ची रक्कम बदला. आता लेफ्ट जॉइनने गायब झालेल्या, ग्रुप बाय आणि हॅविंगने दुहेरी, आणि साध्या जॉइनने रक्कम न जुळणाऱ्या नोंदी शोधा. बरोबर २०, ५ आणि ५ निघायला हव्यात. रक्कम न जुळणाऱ्या ५पेक्षा जास्त आल्या तर दुहेरी नोंदींमुळे जॉइन फुगलाय का ते बघा.

त्यानंतर मध्यरात्रीचे काही व्यवहार घाला: स्विचवर २३:५९:५८, लेजरमध्ये ००:००:०३. तारखेवर जुळवलंत तर हे खोटे ‘गायब’ दिसतील. म्हणून आरआरएनवर जुळवायचं आणि तारखेला एक दिवसाची सूट द्यायची.

लिनक्समध्ये लॉग वाचायच्या-शोधायच्या कमांड, म्हणजे ग्रेप, झेडग्रेप, टेल, लेस आणि थोडं ऑक पुरे. एका आरआरएनवरून तीन वेगवेगळ्या लॉगमधला प्रवास वेळेनुसार लावता आला की झालं.

डेटा एक्सेलमध्ये उघडताना आरआरएनचा कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा. नाहीतर सुरुवातीचा शून्य उडतो, आणि २०२०च्या आरआरएनची सुरुवात शून्यानेच व्हायची, कारण बहुतेक ठिकाणी पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो. १६ अंकी कार्ड नंबरचं तर आणखी वाईट. एक्सेल १५ अंकच धरतं आणि शेवटचा अंक शून्य करून टाकतं. नोंदी का जुळत नाहीत म्हणून अख्खी दुपार जाते, तेव्हा आधी हेच तपासा.

केळीपट्टा_रावेर

रुजू व्हायच्या दिवशी सगळे मूळ कागद आणि करार मंजूर झाल्याची प्रिंट सोबत ठेवा. शेवटी बोर्डाचं प्रावीण्य प्रमाणपत्र त्याच करारावर निघतं, म्हणून त्यावरचं नाव आजच एकदा नीट वाचून घ्या.