पदनाम एकच, वेतनश्रेणी निराळी: आपला अनुभव लिहा

धागाकर्ता

दिल्ली पोलिसांतील एका चालक-शिपायाने रेल्वे संरक्षण दलातील चालकाला आपल्याहून अधिक वेतन का, असे विचारत सर्वोच्च न्यायालय गाठले होते. 1982 च्या त्या रणधीर सिंह खटल्यात न्यायालयाने म्हटले की, 'समान कामाला समान वेतन' हा स्वतंत्र मूलभूत हक्क नसला तरी संविधानाचे अनुच्छेद 14, 16 आणि 39(घ) एकत्र वाचले असता ते तत्त्व त्यांतून निघते. पुढच्या निकालांनी ही वाट बरीच अरुंद केली. केवळ पदनाम सारखे असून भागत नाही. अर्हता, भरतीची पद्धत आणि जबाबदारीही सारखी आहे हे दाखवण्याचा भार कर्मचाऱ्यावरच असतो. तो भार ज्यांनी प्रत्यक्ष वाहिला आहे, त्यांनी येथे लिहावे. कार्यालयाचे नाव टाळावे. आकड्यांबाबत आणि कागदपत्रांबाबत मात्र हात आखडता घेऊ नये.

लघुलेखक, केंद्रीय क्षेत्रीय कार्यालय

सहाव्या वेतन आयोगाने सचिवालयातील आणि क्षेत्रीय कार्यालयांतील लघुलेखकांत समानता असावी अशी शिफारस केली, तेव्हा आम्ही निश्चिंत झालो होतो. नोव्हेंबर 2009 मध्ये सचिवालयातील सहायक आणि 'क' श्रेणी लघुलेखक यांचा ग्रेड पे (पदाच्या दर्जानुसार वेतनात मिळणारी ठरावीक रक्कम) 4,600 झाला, तोही 1 जानेवारी 2006 पासून. आम्ही 4,200 वरच राहिलो. सातव्या आयोगाच्या तक्त्यात ते सातव्या स्तरावर गेले आणि आम्ही सहाव्या, म्हणजे मूळ वेतनाची सुरुवात त्यांची 44,900 आणि आमची 35,400. चारशे रुपयांचे अंतर साडेनऊ हजारांचे कसे होते, हे आम्हाला त्या तक्त्याने शिकवले.

माझ्या समोरच्या टेबलावर सचिवालयातून प्रतिनियुक्तीवर आलेले एक सहकारी बसत. साहेबांचे डिक्टेशन सकाळी ते घेत आणि दुपारी मी. त्यांच्या रजेत त्यांची वही मी पुढे चालवीत असे आणि माझ्या रजेत माझी वही ते. न्यायाधिकरणात अर्ज करायचे ठरले तेव्हा दोघांच्या कामाचा तुलनात्मक तक्ता त्यांनीच माझ्याबरोबर बसून तयार केला आणि 'वरील कामे आम्ही दोघेही करतो' असे स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली. त्यांना त्यातून मिळणार काहीच नव्हते, उलट वरिष्ठांची नाराजीच पदरी पडली असती.

न्यायाधिकरणाने गुणदोषांत न शिरता विभागाला फेरविचार करून सकारण आदेश काढण्यास सांगितले. चार महिन्यांनी आदेश आला. 'सचिवालयातील पदे धोरणनिर्मितीशी निगडित असून त्यांची भरतीप्रक्रिया भिन्न आहे' एवढेच त्याचे सार होते, आणि तक्त्याचा त्यात उल्लेखही नव्हता. त्या आदेशाला पुन्हा आव्हान दिले आहे. मूळ तक्ता सहकाऱ्यांच्या सहीसह माझ्या कपाटात आहे.

कंत्राटी परिचारिका

आमच्या कक्षाच्या ड्युटीच्या तक्त्यात नियमित आणि कंत्राटी असे दोन रकाने नाहीत; रात्रपाळी सगळ्यांना सारखीच येते. पगाराच्या दिवशी मात्र रकाने वेगळे होतात. 2016 च्या जगजित सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नियमित पदाचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे. निकालाची प्रत घेऊन आम्ही सात जणी गेलो, तर 'तुम्ही मंजूर पदावर नाही, योजनेतल्या पदावर आहात' असे उत्तर मिळाले. रुग्णाला सलाईन लावताना हा फरक कसा पाळायचा, ते कोणी सांगितले नाही.

आमच्यातल्या काही जणींचे म्हणणे होते की, राज्यातील अधिपरिचारिकेची सुरुवात 35,400 आणि केंद्रातल्या परिचारिकेची 44,900, तर हाही मुद्दा अर्जात घालावा. वकिलांनी तो वगळायला लावला. नियोक्ताच वेगळा असला की तुलना बहुधा टिकत नाही, आणि दुबळा मुद्दा बळकट मुद्द्यालाही सोबत घेऊन बुडतो, असे त्यांचे मत पडले. मला ते पटले.

एक प्राथमिक शिक्षक

मी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे दरमहा 6,000 रुपये मानधनावर काढली. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी पूर्ण वेतनश्रेणीत होते. वर्ग, पुस्तके आणि परीक्षा सगळे सारखेच. 1 जानेवारी 2023 पासून हे मानधन 16,000 झाले, त्याचा नव्या मंडळींसाठी आनंदच आहे. आमच्या तीन वर्षांचा हिशेब कोणी मांडणार नाही, हे गृहीत धरले आहे.

आस्थापना शाखेतील एक निवृत्त

नकाराच्या टिपण्या मी लिहिलेल्या आहेत, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. एका संवर्गाची श्रेणी वाढवली की त्याच्याशी समकक्ष मानलेले संवर्ग रांगेत उभे राहतात, आणि वित्त विभागाला पहिल्या मागणीपेक्षा त्या रांगेची अधिक धास्ती असते. राज्यात सातव्या वेतन आयोगाच्या संदर्भात नेमलेल्या बक्षी समितीपुढे वेतनत्रुटींची निवेदने आली, त्यांतली अनेक मी चाळली होती. बहुतेकांत महागाई आणि अन्याय यांवर पाने भरलेली असत, पण दोन्ही पदांचे सेवाप्रवेश नियम शेजारी शेजारी ठेवलेले क्वचितच दिसत. ते ठेवले असतील, तर टिपणी लिहिताना माझी लेखणी खरोखर अडखळत असे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. अनेक पदांची कर्तव्यसूची वर्षानुवर्षे सुधारलेली नसते. कर्मचारी संगणकावर चार जणांचे काम करीत असतो आणि कागदावर अजून आवक-जावक सांभाळीत असतो. आम्ही कागद पाहून निर्णय घेत होतो, आणि तो कागद जुना आहे हे आम्हालाही ठाऊक असे.

जिल्हा परिषद कर्मचारी

माझी चूक इतरांनी करू नये म्हणून लिहितो. राज्य शासनाच्या विभागातील समान पदाशी तुलना करून मी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, अर्ज केला. आठ महिन्यांनी कळले की, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे वाद तिथे चालत नाहीत, उच्च न्यायालयात जावे लागते. उशिराची किंमतही मोजावी लागते. तरसेम सिंह प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वेतनाचा अन्याय दर महिन्याला होत राहत असला तरी थकबाकी साधारणपणे याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच, असे ठरवले आहे. याचिका आठ महिने उशिरा दाखल झाल्याने मागच्या टोकाचे तेवढेच आठ महिने माझ्या मागणीतून गळाले.

वरिष्ठ लिपिक

आमचा वाद घरचाच होता. माझ्या मागून पदोन्नत झालेल्या सहकाऱ्याचे मूळ वेतन माझ्याहून अधिक निश्चित झाले. दोघांचा संवर्ग एक, आधीची श्रेणी एक, आणि फरक केवळ वेतननिश्चितीच्या नियमामुळे पडलेला. म्हणून वकील न करता, दोघांच्या सेवापुस्तकांतील नोंदींच्या प्रती जोडून वेतन समान पातळीवर आणण्याचा एक पानी अर्ज दिला. पडताळणी पथकाने दोनदा परत पाठवलेला तो अर्ज तिसऱ्यांदा मंजूर झाला. त्या सहकाऱ्याने स्वतःच्या नोंदींची प्रत द्यायला खळखळ केली असती, तर मी आजही खालच्याच टप्प्यावर असतो.