मदत हवी आहे: गोल्डफिंगरच्या रेकॉर्डवर लेझरवाला पीसच नाही, फसवलं का मला?

खडीसाखर
लोकहो, अर्जंट आहे. बॉण्डच्या गोल्डफिंगर चित्रपटाची रेकॉर्ड ऑनलाइन घेतली, विकणाऱ्याने ओरिजिनल साउंडट्रॅक, पहिली आवृत्ती वगैरे लिहिलं होतं आणि किंमतही त्याच हिशेबाने लावली होती. पार्सल आलं, दोन्ही बाजू ऐकून झाल्या, लेझरवाला पीसच नाही!! बॉण्डला त्या सोन्याच्या टेबलाला बांधलेलं असतं आणि किरण पायांकडून वर वर सरकत येतो, तेव्हा मागे जे हळूहळू चढत जातं ना, त्याच्यासाठी तर घेतली होती मी. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणतो कव्हरवर लिहिलंय ते सगळं आहे, रिटर्न घेणार नाही. रविवारी आमच्याकडे रेकॉर्ड ऐकायची बैठक आहे आणि मी सगळ्यांना सांगून बसलेय. काय करू? परत पाठवायची कशी? लवकर सांगा प्लीज.

सुई_आणि_खाच
एलपी की सीडी? रेकॉर्ड म्हणताय म्हणजे एलपी धरतो. कुठल्या देशाची? कव्हरच्या कोपऱ्यात नंबर असतो तो टाका, आणि मधल्या गोल लेबलचा फोटो टाका. त्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

वाकडचा_वाघ
ताई, १९१५ वर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे. वर्णनाप्रमाणे माल नाही म्हणजे नाही, विषय संपला. पेमेंटचा स्क्रीनशॉट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, सगळं जपून ठेवा. व्हिडिओ काढला होता ना? मी मिक्सरच्या बाबतीत हेच केलं आणि पूर्ण पैसे परत मिळवले.

अप्पा_शनिवारकर
नमस्कार. रेकॉर्ड जुनी आहे असे दिसते. पावसाळ्यात आपल्याकडे फंगस धरते, खाचांमध्ये पांढरे ठिपके दिसतात आणि सुई उडून पुढच्या गाण्यावर जाते, त्यामुळे मधला भाग वाजलाच नाही असे वाटते. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडेसेच घालावे, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसावे, आडवे अजिबात नाही, आणि लेबलला पाणी लागू देऊ नये. महत्त्वाचे: जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नये, लाख विरघळते. सुई कधी बदलली होती? कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवतात तो भाग, कुठले आहे?

खडीसाखर
अप्पा, फंगस नाहीये हो, चकचकीत आहे. सुई उडत नाहीये, तो पीस कव्हरच्या यादीतच नाहीये.
@सुई_आणि_खाच एलपीच, सीडी कोण घेतंय. देश कसा कळणार? इंग्लिशच लिहिलंय सगळं.

सुई_आणि_खाच
इंग्लिश अमेरिकेतही लिहितात आणि इंग्लंडमध्येही, आणि दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या आपल्याकडच्या रेकॉर्डांवरही इंग्लिशच असतं, म्हणून तर विचारतोय. लेबलच्या कडेला बारीक अक्षरात बघा, बहुतेक वेळा तिथे देश असतो. आणि दोन्ही बाजूंचे मिळून ट्रॅक किती ते मोजून सांगा.

बायनॉरल
ट्रॅक मोजून काय होणार, मोनो आहे की स्टिरिओ, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज की वेगवेगळा, ते आधी विचारा. १९६४ची ही रेकॉर्डिंगं मोनोतच ऐकावीत. ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, जो दणका मोनोत छातीवर बसतो तो स्टिरिओत दोन्हीकडे वाटला जातो.

कॉर्ड_अँड_कंपनी
+१ नाही, -१. गोल्डफिंगरचा संगीतकार जॉन बॅरी, त्याचं वाद्यवृंद रचणं स्टिरिओतच कळतं. एकीकडून हॉर्न्स आणि समोरून स्ट्रिंग्ज येतात तेव्हा कळतं त्याने कुठे काय ठेवलंय. आणि हेरपटांच्या संगीतात खरी ऐकण्यासारखी एलपी हवी असेल तर गोल्डफिंगर सोडा, कसिनो रोयाल घ्या, १९६७चा, बर्ट बॅकरॅकचा. कोलजेम्स लेबलची स्टिरिओ एलपी. त्यात डस्टी स्प्रिंगफील्डचं द लुक ऑफ लव्ह ऐका, ती दोन हातांच्या अंतरावर उभी राहून गातेय असं वाटतं. परदेशातले ऑडिओफाइल लोक सिस्टिम तपासायला तीच लावतात. चित्रपट बघू नका, रेकॉर्ड घ्या.

खडीसाखर
मला कसिनो रोयाल नकोय!! मोजले. ११ ट्रॅक. कोपऱ्यात यूएएस ५११७ लिहिलंय, वर स्टिरिओ. लेबलवर यू.एस.ए. आहे बारीक अक्षरात, भिंग घेऊन वाचलं.

सुई_आणि_खाच
हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर काम लगेच झालं असतं. ऐका.

तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. तुमची प्रत अस्सल आहे, १९६४ची अमेरिकन एलपी. यूएएस ५११७ म्हणजे युनायटेड आर्टिस्ट्सची स्टिरिओ, तिचीच मोनो यूएएल ४११७. पण गोल्डफिंगरची एलपी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळी निघाली. अमेरिकन प्रतीत ११ ट्रॅक, ब्रिटिश प्रतीत १४. लेझर बीम, गोल्डन गर्ल, टिलीचा मृत्यू आणि पुसी गलोरच्या विमानांचा पीस असे चार फक्त ब्रिटिश एलपीवर आले. उलट टायटल गाण्याची नुसती वाद्यांवरची आवृत्ती फक्त अमेरिकन एलपीवर आहे, तुमच्या यादीत ती नक्की असणार. म्हणजे दोन्ही ओरिजिनल आणि दोन्ही अर्धवट.

आणि बाजारात अमेरिकन प्रतच जास्त का दिसते, तर ती एलपी १९६५मध्ये अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली होती. ढिगाने खपली, त्यामुळे आज फिरतायत त्यातल्या बहुतेक त्याच आहेत.

वाकडचा_वाघ
तरी विकणाऱ्याने सांगायला हवं होतं की हे गाणं नाही म्हणून. माझं मत तेच, १९१५.

सुई_आणि_खाच
का सांगेल? त्याने जे आहे ते लिहिलं. तक्रार कशाची करणार, साठ वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये कुणीतरी यादी ठरवली त्याची?

खडीसाखर
बाई गं. म्हणजे मी तीन आठवडे वाट बघून चुकीच्या देशाची घेतली. बरं आता पुढे काय? १४वाली कशी ओळखायची? मला रविवारी वाजवायचंय.

नोटेशन_नानी
खडीसाखर, चुकीच्या देशाची असं म्हणू नका हो, वाद्यांवरची आवृत्ती फार सुंदर आहे. आणि तुम्हाला लेझरचा पीस का आवडतो हे वाचून छान वाटलं, फार थोडे लोक गाणं सोडून पार्श्वसंगीताकडे जातात. त्यात बॅरी धून वगैरे काही देतच नाही, एकच छोटी आकृती घेतो आणि तिच्यावर एकेक वाद्य चढवत जातो, बस. पडद्यावर तो लाल ठिपका जितका सरकतो तितकंच संगीत सरकतं. बैठकीत वाजवाल तेव्हा आधी प्रसंग सांगा आणि मग लावा.

बैठकीला इप्क्रेस फाइलसुद्धा ठेवा जमलं तर, १९६५ची, तीही बॅरीचीच. त्यात सिंबॅलोम आहे, आपल्या संतूरच्या कुळातलं हंगेरीकडचं वाद्य, काड्यांनी वाजवतात. बॉण्डमध्ये जिथे ब्रास गरजतो तिथे हे एकटं किणकिणतं आणि तो चश्मेवाला मायकेल केन लंडनच्या रस्त्यांवरून चालत असतो. माझ्या मते हेरपटांच्या संगीतातलं सर्वांत चांगलं काम ते.

बायनॉरल
मूळ बॉण्ड धून बॅरीचीच आहे हे लक्षात घ्या, म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळतं.

कॉर्ड_अँड_कंपनी
चूक. मॉण्टी नॉर्मनची आहे. बॅरीने वाद्यवृंदासाठी बांधली आणि व्हिक फ्लिकने गिटार वाजवली. नॉर्मनने लंडनच्या कोर्टात एका वृत्तपत्रावर बदनामीचा दावा लावला होता, २००१ साली जिंकला, ३० हजार पौंड मिळाले.

बायनॉरल
कोर्टाने बदनामी झाली म्हटलं. कान काय म्हणतात ते ऐका. पहिल्या बॉण्डपटाची, डॉ. नोची अख्खी एलपी ऐका, नॉर्मनची आहे, अर्ध्याहून जास्त जमैकन नाचगाणी, चित्रपटातलं पार्श्वसंगीत शोधावं लागतं. आणि मग त्या धुनेची बांधणी ऐका. एकाच माणसाचं वाटतं का?

नोटेशन_नानी
दोघांनाही एक सांगते. नॉर्मनने ती चाल आधी एका संगीत नाटकासाठी केली होती, व्ही. एस. नायपॉल यांच्या बिस्वास कादंबरीवरच्या. त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाची कथा. ते नाटक उभं राहिलं नाही, चाल खणात पडून होती आणि डॉ. नोच्या वेळी बाहेर काढली. मूळ गाण्याचे शब्द भारतीय माणसाच्या तोंडचे आहेत, नॉर्मनने नंतर स्वतः गाऊनही दाखवलंय. चाल नॉर्मनची, चालीवर चढवलेला कपडा बॅरीचा, असं मानायला काय हरकत आहे?

पेठेतला_मिथुन
धागा वाचून राहवलं नाही. सगळे जॉन बॅरी जॉन बॅरी करताय, आपल्या हेरपटांच्या एलपी कोणी जमवतंय का? एजंट विनोद, १९७७, महेंद्र संधू, संगीत रामलक्ष्मण. होय, तेच रामलक्ष्मण, पांडू हवालदारवाले! दादा कोंडकेंच्या पिक्चरला संगीत देणारा आपला माणूस हेरपटाला देतो हे किती जणांना माहीत आहे? मग फर्ज, १९६७, जितेंद्र एजंट ११६, लक्ष्मीकांत-प्यारेलाल. आँखें, १९६८, रवी. सुरक्षा, १९७९, मिथुन गनमास्टर जी-९, बप्पीदा. ह्या एलपी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरलात तर अजून हाताला लागतात, कव्हर फाटकं असतं पण वाजतात. बॉण्डच्या एका एलपीच्या पैशात ह्या चारही येतील.

खडीसाखर
फर्ज आहे माझ्याकडे, मस्त बहारों का लागलं की घरातले सगळे नाचतात. पण मिथुनभाऊ, आत्ता नको ना, नवा धागा काढा, मी येते तिकडे. १४वाली कशी ओळखायची कोणी सांगेल का??

सुई_आणि_खाच
ब्रिटिश युनायटेड आर्टिस्ट्सच्या त्या काळातल्या एलपीचा नंबर यूएलपीने सुरू होतो, स्टिरिओ असेल तर पुढे एस लागून एसयूएलपी. पण नुसत्या नंबरावरही जाऊ नका. विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवा: मागच्या कव्हरची ट्रॅकची यादी, दोन्ही बाजूंची लेबलं, आणि खाचा संपतात तिथे गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर. कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसऱ्याची हा प्रकार फार होतो, विशेषतः कुणाचा अख्खा संग्रह एकगठ्ठा विकला गेला असेल तर. लेबलवर लेझर बीम हे शब्द दिसले तरच पैसे भरा. आणि परदेशातून मागवत असाल तर कस्टम्स आणि कुरिअर धरून किंमत काढा.

रविवारपर्यंत ती येणार नाही. तोपर्यंत २००३ची रीमास्टर्ड सीडी बघा, तिच्यात अमेरिकन ११ अधिक ते चार, असं सगळं एकत्र आहे.

बायनॉरल
सीडी वाजवून बैठक?

सुई_आणि_खाच
हो, सीडी वाजवून बैठक. त्याच टेप्सवरून केलेली आहे. लोकांना संगीत ऐकायचंय.

ताई, पुढची खरेदी करताना अजून एक, म्हणजे पुन्हा असाच त्रास नको: बॉण्डच्याच थंडरबॉलच्या एलपीच्या वेळी बॅरीचं काम पूर्ण व्हायच्या आत एलपी बाजारात द्यायची घाई होती, त्यामुळे चित्रपटाच्या उत्तरार्धातलं बरंच संगीत तिच्यात नाही. पाण्याखालची लढाई शोधत बसाल. तीही २००३च्या सीडीवर जास्तीची मिळते. द स्पाय हू लव्हड मीची एलपी मार्व्हिन हॅमलिशची, तिच्यातही काही भाग एलपीसाठी वेगळा वाजवलेला आहे. साउंडट्रॅक लिहिलं म्हणजे पडद्यावरचं जसंच्या तसं असतं, असं या काळातल्या कुठल्याच एलपीबद्दल धरून चालू नका.

नोटेशन_नानी
ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस, १९६९. त्यात लुई आर्मस्ट्राँगचं गाणं आहे ते बैठकीच्या शेवटी लावा. आणि टायटलला गाणं नाही, नुसतं वाद्यवृंद आणि मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य, तो खर्जातला घरघराट ऐकून स्पीकर बरे आहेत की नाहीत तेही कळेल.

प्रभात_रोड
उशिरा आलो. खडीसाखर, माझ्याकडे ब्रिटिश मोनो आहे, यादीत लेझर बीम आहे, आत्ता काढून बघितलं. दुसऱ्या बाजूला एक ओरखडा आहे, खट् खट् ऐकू येतं, पण लेझरच्या पीसवर नाही. विकणार नाही. पण रविवारी बैठकीला बोलावणार असाल तर घेऊन येतो, वाजवून परत नेईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

खडीसाखर
प्रभात रोड, देव पावला! व्यनिला उत्तर दिलंय, साडेपाचला या, चहा-खाणं आमच्याकडे. आधी माझ्या अमेरिकनवरची वाद्यांवरची आवृत्ती लावू आणि लगेच तुमची लेझर बीम. सीडीपण मागवतेच आहे. सुई_आणि_खाच, तुम्हीही या, मनापासून सांगतेय.

बायनॉरल
मोनो प्रत आहे तर स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवणार का? ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण आहे का बघा, दाबलं की खरखर बरीच कमी होते.

खडीसाखर
बटण आहे, कधी दाबलं नव्हतं. बघते.

अप्पा_शनिवारकर
कार्ट्रिज कुठले आहे ते अजून सांगितले नाही. सुई फार वापरलेली असेल तर दुसऱ्याची रेकॉर्ड लावू नका, त्यांची खाच खराब होईल. पासोड्या विठोबाजवळ, तपकीर गल्लीच्या बाजूला विचारा, सुई मिळते. जाताना जुनी सुई बरोबर न्या, नुसते नाव सांगून चालत नाही.

खडीसाखर
अप्पा, उद्या सकाळीच जाते, जुनी सुई डबीत घालून ठेवलीय. तुम्हीही या रविवारी.