शर्यतीआधी मुलीला झोप लागत नाही, उलट्या होतात. पदकाचे ध्येय सोडायला सांगावे का?

प्रश्न
माझी १६ वर्षांची मुलगी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात ८०० मीटरचा सराव करते. सरावात तिची वेळ २ मिनिटे २४ सेकंदांवर आली आहे. मात्र स्पर्धा जवळ आली की तिची भूक मरते, आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि शर्यतीपूर्वी उलट्या होतात. मागच्या वेळी ४०० मीटरची पहिली फेरी तिने ६५ सेकंदांत संपवली आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तिचे पाय उचलेनासे झाले. त्या दिवशी घरी आल्यावर स्पाइक्सची (धावण्याच्या खिळ्यांच्या बुटांची) पिशवी तिने दिवाणाखाली ढकलली, ती चार दिवस काढली नाही. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. काय करावे?

उत्तर : एक प्रशिक्षक
ताई, पदकाचे ध्येय राहू द्या, पण ते ट्रॅकवर नेऊ नका, कारण शेजारच्या लेनमधली मुलगी किती वेगाने धावेल हे आपल्या मुलीच्या हाती नसते. तिच्या हाती आहे ती पहिली फेरी. ती ७० ते ७१ सेकंदांत, म्हणजे दोनशे मीटरच्या खुणेवर साधारण ३५ सेकंद, एवढेच त्या दिवसाचे काम ठरवा आणि हे तीन आठवडे प्रशिक्षकांना त्या खुणेवर उभे राहून वेळ मोठ्याने सांगायला सांगा. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. तिथे १५ बाण असतात आणि प्रत्येक बाण स्वतंत्रपणेच सोडावा लागतो.

उलट्यांना ती कमकुवतपणा समजत असेल, तर तो समज आधी दूर करा. ताणाच्या वेळी अ‍ॅड्रेनलिन वाढते, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते, म्हणून पोट ढवळते. शर्यतीच्या तीन तास आधी रोजच्या सवयीचे हलके खाणे द्यावे. तर्री-पोहे त्या दिवशी नकोत. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाची गती उतरते. हा सराव मात्र आजपासूनच हवा. झोपेचेही तसेच आहे : आधीचा आठवडा नीट झोप झालेली असेल, तर आदल्या एका रात्रीने फारसे बिघडत नाही, हे तिला आवर्जून सांगा.

उत्तर : माजी बॅडमिंटनपटू
मला सामन्यापेक्षा परतीचा प्रवास जड जायचा, कारण स्कूटर सुरू होण्याआधीच बाबा "कुठे चुकलीस?" असे विचारत. पुढे आईने त्यांना सांगून तो विषय दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि माझी झोप सुधारली. काकू, तुमच्या घरी हरल्यानंतरचा पहिला प्रश्न कोणता असतो, तेही एकदा पाहावे, अशी माझी विनंती आहे.

उत्तर : एक पालक
स्पर्धा नसतानाही भूक आणि झोप उडालेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिम्पिकमध्ये मानसिक आरोग्याच्या कारणाने सांघिक अंतिम फेरीतून मध्येच माघार घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. पहिला प्रश्न आमच्या घरीही "कितवी आलीस?" हाच असतो. आज रात्री तिच्या बाबांशी बोलते आणि उद्या पहाटे ३५ सेकंदांचे प्रशिक्षकांच्या कानावर घालते.