सिटी बस सारखी रस्त्यात बंद पडते, चूक मेकॅनिकची की वरच्यांची?

रोजचा_प्रवासी: आमच्या रूटची बस या महिन्यात चौथ्यांदा चढावर बंद पडली, सगळे उतरलो आणि मागच्या फुल्ल गाडीत कसेबसे घुसलो. कंडक्टर म्हणतो डेपोत सांगून सांगून तोंड दुखलं. मग डेपोवाले करतात तरी काय? आतलं कोणी सांगेल का

जुना_फिटर: दादा, तीस वर्षं डेपोत काढली, कुठल्या ते राहू द्या. सकाळी मॅनेजरला वरून एकच फोन, किती गाड्या बाहेर पडल्या? कशा अवस्थेत पडल्या हे कोणी विचारत नाही. ड्रायव्हर रात्री लिहून जातो "ब्रेक उशिरा लागतो", बघितलं तर लायनर, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, संपलेलं, स्टोअरला शिल्लक नाही, मग स्लॅक, म्हणजे ब्रेकचा ढिलेपणा, जरा आवळायचा आणि शेरा मारायचा ओके. दुसऱ्या रात्री परत तेच वाक्य, परत ओके. एकीचा सेल्फ काढून दुसरीला, तिसरीचा अल्टरनेटर चौथीला, असं करत कोपऱ्यातल्या गाडीचा नुसता सांगाडा उरला होता.

खिडकीची_सीट: म्हणूनच ठेक्यावर द्या सगळं. मुंबईत बेस्टने वेट लीजवर गाड्या घेतल्याच ना, गाडी, ड्रायव्हर, मेंटेनन्स सगळं ठेकेदाराचं

स्टोअरवाला: आणि त्याला पैसे कशाचे, तर किलोमीटरचे. गाडी उभी राहिली की त्याचंही नुकसान, म्हणजे "आज जाऊ दे, उद्या बघू" हे तिथंही आलंच. ब्रेकडाऊनचा दंड जबर असेल आणि खरोखर कापला जात असेल तरच फरक पडतो. बाकी लायनर का नसतं ते सांगतो, सप्लायरचं बिल थकलेलं असतं, तो माल सोडत नाही.

जुना_फिटर: बरोबर. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, असतं, त्या आठवड्यात बघा कशी सगळी कामं होतात, म्हणजे हात आहेत, वेळ दिला जात नाही. एक साहेब आले होते, तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की गाडी सोडायचेच नाहीत. पहिल्या महिन्यात फेऱ्या रद्द झाल्या म्हणून शिव्या खाल्ल्या, पण नंतर गाडी बंद पडल्याचे रस्त्यावरून येणारे फोन निम्मे झाले. मग बदली.

रोजचा_प्रवासी: आम्ही काय करायचं मग

जुना_फिटर: तक्रारीत रूट नंबर नाही, गाडीचा नंबर टाका. रूटवर टाकलेली तक्रार कोणाच्याच नावावर पडत नाही.

रोजचा_प्रवासी: आज बघितला नंबर. तिकिटाच्या मागे लिहिलेला गेल्या वेळचा नंबर काढून ताडला, तीच गाडी.