मदत हवी आहे: 'ताकेशीज कॅसल'चे मूळ जपानी भाग

मंडळी, पोगोवर जावेद जाफरीची हिंदी बडबड ऐकत 'ताकेशीज कॅसल' पाहिलेले इथे बरेच असणार. यंदा सोसायटीच्या गणपतीत मुलांना या मालिकेची (एकेक खेळ पार करत स्पर्धक ताकेशीच्या किल्ल्यावर चाल करून जायचे, ती) गोष्ट सांगायची आहे, म्हणून विचारतोय.

जपानच्या टीबीएस वाहिनीवर ती १९८६ ते १९९० चालली. म्हणजे आपण पाहिली तेव्हा ती तिकडे कधीच संपली होती! किल्ल्याचा मालक ताकेशी कितानो तेव्हा नावाजलेला विनोदवीर. पुढे १९९७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला. चित्रीकरण योकोहामाच्या मिदोरियामा स्टुडिओत व्हायचं. जिंकणाऱ्याला दहा लाख येन, पण जिंकणारे अगदी मोजके. तळ्यातल्या दगडांचा खेळ आठवतोय ना? काही दगड पक्के, काही नुसते तरंगणारे, आणि वरून सगळे सारखेच. धावत सुटलेला गडी तिसऱ्या-चौथ्या दगडावर थेट पाण्यात. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेत याहून भारी खेळ नाही.

आता अडचण अशी की हिंदीत मूळ निवेदन पार पुसलं गेलंय. स्पर्धकांचा म्होरक्या सेनापती तानी त्यांना नक्की काय सांगून पुढे धाडायचा, ते मुलांना ऐकवायचंय. मूळ जपानी भाग अधिकृतपणे कुठे मिळतील? तोक्यो-योकोहामाकडचं कुणी, किंवा जपानी शिकलेलं कुणी, पाच-सात मिनिटांचं मराठी करून देईल का? आणि ते पक्के दगड तळाशी कसे बसवत, हेही कुणी वाचलं असेल तर सांगा. पोरं पहिल्यांदा तेच विचारणार.