हॉटेलातल्या पोराच्या हातात कागद द्यायला मालकाचं काय जातं?

टिळकवाडीकर

बेळगावातल्या ओळखीच्या एका हॉटेल मालकाशी परवा वाद झाला, तो इथं टाकतो. नाव सांगत नाही. पुरीभाजी चांगली करतात आणि मला तिथं परत जायचंय. ते म्हणाले, "आमची पोरं घरच्यासारखी. दोन वेळचं जेवण, माळ्यावर झोपायला जागा, दिवाळीला कपडे. ताप आला तर डॉक्टरकडं मीच नेतो. तुमचा कायदा याहून वेगळं काय देणार?"

वेगळं हेच, की उद्या मालकाचं मन फिरलं तरी पोराला हक्कानं मागता येईल.

त्यांच्या गल्ल्याशेजारी एक लांबडी वही असते. एकेका पोराच्या नावाचं एकेक पान. "उचल ५००. खाडा १. कप २, बशी १. उचल २००. रिचार्ज." महिनाअखेरीला वजाबाकी मालक करणार आणि उरलेलं हातावर ठेवणार. वही मालकाची, पेन मालकाचं. पोराकडं तो तिथं कामाला आहे हे सांगणारा चिटोराही नाही.

हॉटेल, खाणावळ, लॉज, चहाचं दुकान, सगळं कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, १९६१ खाली येतं. कामाला एकच माणूस असला तरी येतं. नेमल्यापासून ३० दिवसांत नेमणुकीचं पत्र द्यायचं. काम दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. जादा काम धरूनही दिवसाला १० च्या वर नाही, आणि जादा कामाला दुप्पट दर. पाच तास झाले की एक तास विश्रांती, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी. आणि हॉटेलवाल्यांना झोंबणारं कलम म्हणजे काम आणि मधली विश्रांती मिळून सगळं १२ तासांत आटपलं पाहिजे. आपल्याकडं पोरगा पहाटे साडेपाचला इडलीचं भांडं चढवतो, दुपारी तीन तास मोकळा असतो आणि रात्री अकराला फरशी पुसून आडवा होतो. "दुपारी झोपतो की," असं मालक म्हणणार. झोपतो, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत तो बांधलेलाच असतो. डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की लॉजवाल्यांकडं ती दुपारही जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, २९ जुने कायदे त्यांत गेले. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. माणूस सोडून गेला किंवा काढला तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा. फुटलेल्या कपाचे पैसे कापायचे तर आधी त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि नुकसान झालं तेवढंच कापायचं. दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नाही.

यातलं निम्मं तर नुसतं कागदाचं काम आहे. नऊ तास पाळणं परवडत नाही, हे मी समजू शकतो. पत्रही परवडत नाही?

खानापूर_खाणावळ

टिळकवाडीकर, तुम्ही गिऱ्हाईक आहात म्हणून तुम्हाला वही दिसली. त्या वहीतली उचल बुडाली तर कुणाच्या खिशातून जाते, ते दिसलं नसणार.

माझ्याकडं सहा जण आहेत. दोघं ओडिशाचे, एक नेपाळचा, बाकीचे इथलेच. इथले सुगीला जातात, सौंदत्तीच्या जत्रेला जातात, घरचं लग्न असलं की आठ-आठ दिवस जातात, आणि जाताना सांगतात कोण? सकाळी कुलूप काढायला आलो की कळतं. गेल्या पावसाळ्यात एकजण उचल घेऊन गेला तो गेलाच. मी त्याच्यावर कुठल्या संहितेखाली दावा लावू? मालकानं एक महिन्याची नोटीस द्यायची, आणि नोकरानं फोन बंद करायचा. हा कुठला न्याय ओ?

गॅस, भाडं, वीज, तेल, वर ॲपवाल्यांचं कमिशन. साठ रुपयांच्या थाळीवर पाच वाढवले तर माणसं समोरच्या दारात जातात. दुपारच्या तीन तासांवर तुमचा एवढा राग, तर त्या वेळात गिऱ्हाईक तुम्ही आणून द्या. दोन पाळ्या लावतो.

आणि पत्राचं म्हणाल, तर पत्र दिलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोराला सांगणार, आता मागच्या तीन वर्षांचा हिशेब माग.

चहा_कमी_साखर

म्हणजे पत्र परवडत नाही असं नाही, मागचा हिशेब परवडत नाही. बोला की सरळ.

हिशेबनीस_शहापूर

दहा-बारा हॉटेलांचे रिटर्न मी भरतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सांगतो.

खाणावळकाका, सहा माणसांवर तुम्हाला ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बोनस नाही. ईएसआय आणि ग्रॅच्युइटी १० माणसांपासून, पीएफ आणि बोनस २० पासून. "कायदा मला रिसॉर्टच्या रांगेत बसवतो" अशी ओरड लहान हॉटेलवाले करतात, ती निम्मी खोटी आहे. तुम्हाला उरतं ते किमान वेतन, तास, सुट्टी, पत्र, हजेरी आणि वेळेवर पगार. अन्नसुरक्षेच्या नियमानं पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, तीही तुमच्यावर.

पण ईएसआय नाही म्हणून सुटलो असं समजू नका. उकळतं तेल अंगावर पडलं तर भरपाई थेट मालकावर येते. ईएसआय असेल तर ती जबाबदारी महामंडळ उचलतं. २१ हजारांपर्यंतच्या पगाराला मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का, आणि अशोकनगरला हॉस्पिटल आहे. दहावा माणूस लागला की मालक रडतात. मी म्हणतो, हा तुमचाच विमा आहे.

"जेवण-राहणं देतो" याबद्दलही. वेतन संहितेत वस्तुरूपानं दिलेल्याची किंमत एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरतात. त्यामुळं माळा आणि दोन वेळचा भात दाखवून किमान वेतनाचा अर्धा आकडा भरून निघत नाही. आणि किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणात म्हटलंय. पोरगा राजी आहे, हे त्यावर उत्तर होत नाही.

एक दुकान नवऱ्याच्या नावे, दुसरं बायकोच्या, तिसरं मेहुण्याच्या, असं करून २० च्या आत राहणारे आमच्याकडं येतात. स्वयंपाकघर एक, गल्ला एक, मालक एक असेल तर पीएफवाले ते एकच आस्थापन धरतात. सांगून ठेवतो.

खानापूर_खाणावळ

तुम्ही फी घेता, म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय. पोरंच पीएफ नको म्हणतात त्याचं काय? "शेठ, हातात द्या, कापू नका." मी जबरदस्ती करू?

हिशेबनीस_शहापूर

सहा माणसांना लागूच नाही, मग तुमचा प्रश्न कुठं येतो? पण ज्यांना लागू आहे त्यांना "पोरगा नको म्हणाला" असं सांगून सुटता येत नाही. १५ हजारांपर्यंत पगार असेल तर त्याच्या इच्छेचा प्रश्नच नाही.

कळंगुट_ते_नंदगड

मी खानापूर तालुक्यातलाच. गोव्यात हॉटेलात आधी रूम सर्व्हिस, आता रिसेप्शनला. आमच्या भागातली अर्धी पोरं चोर्ला घाट उतरून का जातात, हे खाणावळकाकांनी कधी विचारलंय का? तिथं काय स्वर्ग नाही. सीझन संपला की घरी पाठवतात, अकरा महिन्यांवर ब्रेक देतात, टिप्सचा डबा कुणाकडं असतो त्यावर रोज भांडणं. पण पहिल्या आठवड्यात हातात पत्र मिळालं. पीएफचा नंबर मिळाला. त्या पत्रावर बँकेत खातं उघडलं आणि पुढं दुचाकीचं कर्जही झालं. इथं खडेबाजारात मी कामाला होतो तेव्हा बँकेत काय दाखवणार होतो, गल्ल्यावरची वही?

ठरावीक मुदतीच्या नोकरीला आता वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे, आधी पाच वर्षं लागायची. म्हणूनच आता अकरा महिन्यांचं काय करतात ते बघायचंय.

शिनोळीकडचा

आमचं आणखी वेगळं. घर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. काम बेळगावात, म्हणजे कर्नाटक. सायकलवरून रोज राज्य ओलांडतो. किमान वेतनाचा दर कुठला, तर जिथं काम तिथला. हे मला सांगायला कुणी नव्हतं. मालक म्हणायचे, "तुम्ही महाराष्ट्राची माणसं, तुम्हाला इथला दर लागत नाही." कितीतरी दिवस खरं वाटत होतं.

आणि भिंतीवर कायद्याचा कागद लावलेला असतो तो कानडीत. आत भांडी घासणाऱ्या मावशींना मराठी वाचता येतं, तेही अक्षर लावून लावून.

खडेबाजार_जुना

झालं, आता सीमाप्रश्न आला. त्याशिवाय बेळगावात चहाही होत नाही.

पण एक गंमत सांगतो. १ नोव्हेंबर कर्नाटकात कायद्यानं भरपगारी सुट्टी. कानडी माणसाला राज्योत्सव, आपल्याला काळा दिवस. हॉटेलातल्या पोराला मात्र दोन्हीकडून सुट्टी नाही.

टिळकवाडीकर

भाषेचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका. बोर्डावर किती टक्के कन्नड हवं यावर आपण रस्त्यावर येतो. नोकराला कळेल अशा भाषेत त्याचे तास लिहून द्यायला ना सरकार अडवतं ना एकीकरण समिती. मराठी मालक, मराठी नोकर, आणि पत्र कुठल्याच भाषेत नाही. इथं दोष बेंगळुरूचा कसा?

पोळीभाजी_अनगोळ

मी बाई आहे, मालकीणही आहे, आणि माझ्याकडं चार बायका आहेत. तुम्ही सगळे 'पोरगा पोरगा' करताय म्हणून लिहिते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं मासिक पाळीची रजा काढली, महिन्याला एक दिवस, भरपगारी. बेंगळुरूच्या हॉटेल संघटनेनं त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. मला दोन्ही बाजू कळतात. चौघींपैकी एक नाही आली तर त्या दिवशी शंभर पोळ्या कमी पडतात आणि त्या मीच लाटते. पण गेली कितीतरी वर्षं त्या बायका पोटाला फडकं बांधून तव्यापुढं उभ्या राहिल्या, त्याचा हिशेब कुठल्या वहीत नव्हता, एवढंच. मी रजा देते. मात्र पगार देऊन दुसरी बाई बदली आणायची ताकद माझ्यात नाही, आणि सरकार त्यात एक पैसा घालत नाही. खाणावळदादांचा राग मला खोटा वाटत नाही.

मोठ्या हॉटेलांना वेगळं विचारते. दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, २०१३ चा कायदा आहे. किती लॉजमध्ये ती आहे? खोल्या साफ करणाऱ्या बायकांना कसली कसली गिऱ्हाइकं भेटतात, ते मॅनेजरला चांगलं ठाऊक असतं. दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. हे माझ्या चौघींना मी सांगितलंय. त्या हसल्या, म्हणाल्या, "ताई, इथं पुरुष कुठंय?"

चहा_कमी_साखर

आणि टेबल पुसणारी बारकी पोरं? २००६ च्या ऑक्टोबरपासून हॉटेल-ढाब्यात १४ च्या आतलं मूल ठेवायला बंदी आहे. २०१६ पासून कैद सहा महिने ते दोन वर्षं, दंड २० ते ५० हजार. विचारलं की प्रत्येक ठिकाणी तो 'भाचा' असतो. बेळगावच्या हॉटेलवाल्यांना एवढ्या बहिणी कुठनं आल्या?

खानापूर_खाणावळ

माझ्याकडं बारकं कुणी नाही, येऊन बघा. त्यावर माझा वादच नाही, असल्यांना आत टाकावं.

पण बाकीचं एकदा मालकाच्या खुर्चीत बसून वाचा. इन्स्पेक्टरला आता निरीक्षक-सह-सुविधाकर्ता म्हणायचं म्हणे. आला तर माझी सुविधा काय करणार ते बघतो. आजवर जे कुणी आले ते जेवून गेले आणि बिलाचं नाव काढलं नाही. कागद नीट ठेवला तर ते येणार नाहीत असं मला लिहून कोण देणार?

हिशेबनीस_शहापूर

कुणी देणार नाही. पण कागद नसला की त्यांचा दर वाढतो, हे तुम्हालाही माहीत आहे. पत्राचा नमुना कायद्याच्या नियमांतच आहे, फॉर्म क्यू म्हणतात. नाव, पत्ता, हुद्दा, पगार, तारीख, एका पानात आटपतं. खाली मराठीत तेच लिहा, सही घ्या, एक प्रत त्याला द्या. उचलही त्याच्या सहीनं लिहा. तुमची उचल बुडते कारण तुमच्याकडंही पुरावा नसतो. मात्र उचलीपोटी आधार कार्ड किंवा रेशनकार्ड ठेवून घेऊ नका, आणि उचल फिटेस्तोवर सोडणार नाही असंही म्हणू नका. ते थेट १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्यात जातं.

खानापूर_खाणावळ

आधार कार्ड सगळेच ठेवतात ओ. नाहीतर माणूस कुठला ते कळणार कसं?

कळंगुट_ते_नंदगड

झेरॉक्स काढा की काका. दोन रुपये लागतात.

खानापूर_खाणावळ

बरं, झेरॉक्स ठेवतो. पत्राचंही बघतो, उचल सहीनं लिहायची असेल तर मला ते बरंच आहे. पण १२ तासांचं कलम मी मानत नाही. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दोन्ही विकल्याशिवाय खाणावळ चालत नाही, आणि दोन पाळ्यांना सहाची दहा माणसं झाली की हेच हिशेबनीस ईएसआयचा फॉर्म घेऊन दारात. नाश्ता बंद करून दाखवा म्हणाल तर तुम्हीच सगळे सकाळी सातला पोह्याला येता.

टिळकवाडीकर

मग पाळ्या आलटून पालटून लावा. नाश्त्याची तीन माणसं दुपारी चारला मोकळी, रात्रीची तीन सकाळी अकराला येतील. माणसं सहाच, आणि दुपारच्या गर्दीला सहाही हजर.

खानापूर_खाणावळ

आणि भाजी आणायला बाजारात पहाटे कोण जाणार? तुम्ही?

टिळकवाडीकर

तुम्ही जा. मालकाला तासांचं कलम लागू नाही.