मदत हवी आहे: इंजिन न उतरवता क्रँकपिन दुरुस्त करता येईल का?

नमस्कार. माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या डिझेल गाडीचे इंजिन तापले की ॲक्सिलरेटर दाबताच खालून जड ठोके ऐकू येतात आणि आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून पाहिला, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरला ठोका जवळजवळ थांबला, म्हणून ऑइल चेंबर खोलले. तळाशी तांबूस चमकणारा चुरा होता. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडची कॅप काढली तर बेअरिंगचा राखाडी थर घासून जाऊन आतले तांबे उघडे पडले होते. बाकीच्या तिन्ही रॉडची बेअरिंग मात्र शाबूत आहेत.

क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या ज्या भागावर हा रॉड बसतो त्यावर, गोलाकार ओरखडे आहेत आणि त्यांतल्या दोन ठिकाणी नख अडकते. पिस्टनसकट रॉड वर सरकवून मायक्रोमीटर लावला, तर एकमेकांना काटकोनात घेतलेल्या मापांत ०.०६ मिलिमीटरचा फरक निघाला.

इंजिन उतरवण्याची सोय माझ्याकडे नाही. पिनवरचे ऑइलचे भोक बंद करून, ऑइलमध्ये भिजवलेली बारीक एमरीची पट्टी पिनेभोवती गुंडाळून वर दोरीचे वेढे देऊन घासावे आणि नवे बेअरिंग बसवावे, असा माझा विचार आहे. हे टिकेल का? शिवाय मेन बेअरिंगचा (ज्यात क्रँक स्वतः फिरते) वरचा शेल, म्हणजे बेअरिंगचा वरचा अर्धगोल भाग, क्रँक जागेवर असताना बदलता येतो का?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे उत्तर सरळ आहे: येतो. एका वेळी एकच कॅप काढा, जर्नलच्या (मेन बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) ऑइलच्या भोकात चपट्या डोक्याची छोटी पिन अडकवा आणि क्रँक हाताने सावकाश फिरवा. पिन शेलला ढकलत नेते आणि तो जिभेच्या (शेलच्या कडेला खाचेत बसणाऱ्या छोट्या टोकाच्या) बाजूने बाहेर येतो. दिशा चुकली तर जीभ खाचेत रुतते, म्हणून जोर लावण्याआधी ती कोणत्या बाजूला आहे हे आरशात पाहून घ्या.

क्रँकपिनचे मात्र तसे नाही. एमरीने ओरखड्यांच्या कडा मरतात, पिन गुळगुळीतही होते, पण गोल होत नाही. पट्टी उंच भागाइतकीच खोल भागावरही घासते. नुसते ओरखडे असते तर मीही तुमच्यासारखेच केले असते. ०.०६ मिलिमीटर ओव्हल झालेल्या पिनेवर नवे स्टँडर्ड बेअरिंग घातले, तर ऑइलचा पापुद्रा एका बाजूला तुटेल आणि ठोका लवकरच परत येईल. ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझचे, म्हणजे तेवढ्या बारीक पिनेसाठी बनवलेले, बेअरिंग ग्राइंडिंग केलेल्या पिनेसाठीच असते. पिनेभोवती फिरून जागेवरच ग्राइंडिंग करणारी यंत्रे आहेत, पण ती जहाजांच्या आणि वीजनिर्मितीच्या अवाढव्य इंजिनांसाठी. गाडीच्या क्रँककेसमध्ये तेवढी जागाच नसते.

म्हणून इंजिन उतरवाच, आणि क्रँक ग्राइंडिंगला देण्याआधी तिला तडा गेला आहे का याची चुंबकीय तपासणी करून घ्या. ग्राइंडिंगनंतर ऑइलच्या वाटांचे प्लग काढून त्या ब्रशने धुवायला सांगा, नाहीतर तोच चुरा पहिल्याच स्टार्टला नव्या बेअरिंगमध्ये शिरेल.